अंगठ्याचा दगड

९ जानेवारी

खारोट्या,

पाकीट उलटंपालटं करून कुणाचं आहे ते शोधत बसशील, म्हणून आधीच सांगते. मी आहे, दातवाली. होस्टेलचा पत्ता आत्याकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. तिने काही आपणहून दिलेला नाही, मी तिच्या डोक्यावर बसून घेतला.

तू बरा आहेस ना, वेळेवर जेवतोस ना, हे विचारल्याशिवाय माझं पत्र पुढे सरकत नाही, म्हणून विचारलं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मी मुद्द्याचं बोलते.

परवा लॅबमधून आले, चहा ठेवला आणि सवयीप्रमाणे खेळाच्या साइटवर आपला डबा बघितला. आपल्या डब्याखाली नवी नोंद होती आणि ती चक्क आपल्याच नावाने, 'खारोट्या-दातवाली' या नावाने. खातं उघडलं तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि माझं नाव मागे लावायला तुला दोन दिवस विचार करावा लागला होता. असो. तू लिहिलं होतंस: 'स्वतः जाऊन आलो. खूप शोधला. डबा आणि दगड दोन्ही गेलेले दिसतात. पुढच्या महिन्यात बंद करतो.'

आधी मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. तू किल्ल्यावर गेला होतास. एवढ्या लांबून, गाड्या बदलत, एकटा. मग दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. तोवर चहा उतू जाऊन शेगडी विझली होती.

अरे बाबा, दगड तिथेच आहे आणि त्याच्यामागे डबाही आहे. पश्चिमेचा बुरूज, पाणी वाहून जायची दगडी पन्हळ, तिच्या खाली डाव्या हाताला. लपवला तेव्हा तो तुझ्या खांद्याला लागत होता. आता कमरेला लागत असेल. तू वर शोधत बसलास की काय? काखेत कळसा नि गावाला वळसा, ही तुझी जुनीच खोड. एका पायात दोन्ही मोजे घालून घरभर दुसरा मोजा शोधणारा मुलगा आहेस तू.

चेष्टा राहू दे. बंद करू नकोस. तुझ्या एका बोटाचं काम आहे ते, पण एकदा बंद झाला की साइटवाले पुन्हा उघडून देत नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

लॅबमध्ये एक नवी मुलगी शिकायला आली आहे. मी फोनवर नकाशा बघत होते तर म्हणाली, काय शोधताय मॅडम? मी तिला सगळं समजावून सांगितलं. कुणीतरी एखाद्या जुन्या जागी, पडक्या बुरुजात, पुलाखाली, दीपगृहाच्या पायथ्याशी छोटा डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे नकाशावर टाकतं. बाकीच्यांनी ते आकडे घेऊन जायचं आणि शोधायचं. सापडला की आतल्या वहीत सही करायची, एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, आणि डबा होता तसा परत लपवायचा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मिळतं काय?"

तुझे बाबाही हेच विचारायचे. आठवतं? गाडी रस्त्याच्या कडेला लावून, खिडकीची काच खाली करून, वर्तमानपत्रातून डोकं न काढता: "डबेच शोधायचेत तर स्वयंपाकघरात शोधा, निदान पुसून तरी होतील." आणि आपण दोघं त्या जुन्या पुलाखाली गुडघाभर गवतात. तोवर तू माझ्याशी बोलत नव्हतास. म्हणजे बोलायचास, पण बाबांच्या मार्फत. मी समोर बसलेली असताना 'बाबा, तिला सांग मला भाजी नको.' त्या पुलाखाली अंधार होता, तू कमानीत हात घातलास आणि म्हणालास, "दिवा नीट धर ना." बाबा वर गाडीत होते. म्हणजे ते मलाच होतं. मी दिवा असा धरला की हात दुखून आला तरी हलवला नाही.

आणि त्या डब्यात ठेवायला आपल्याकडे काहीच नव्हतं. माझ्या पर्सच्या तळाशी लॅबमधला, कवळीसाठी केलेला एक नापास दात सापडला, वरचा सुळा, रंग चुकलेला. तो ठेवला. पुढे ती आपली खूणच झाली. जाऊ तिथे डब्यात एक दात. लोकांनी साइटवर तक्रारी केल्या, 'डब्यात मानवी अवशेष आढळले', आणि तू ते वाचून पलंगावरून पडेपर्यंत हसलास.

हे सगळं नव्या मुलीला सांगितलं नाही. तिला म्हटलं, मिळत काही नाही, हिंडणं होतं.

दगड तिथेच आहे. पुन्हा जाऊन बघ. नाहीतर जाऊ नकोस, नुसतं बंद करू नकोस.

दातवाली


२४ जानेवारी

खारोट्या,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती, फक्त दोन आठवडे टपालपेटीची किल्ली पर्समध्ये वरच्या कप्प्यात ठेवली होती.

काल आत्याचा फोन आला. तू तिला म्हणालास म्हणे, "सहा वर्षांत एकदाही आली नाही, आणि आता एका डब्यासाठी पत्र?" ती बिचारी सांगताना चाचरत होती. मी म्हटलं, जसंच्या तसं सांग. ऐकलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं. फोन ठेवून पुन्हा कामाला बसले. एका आजोबांची खालची कवळी होती समोर. मेण वितळवलं, पुन्हा वितळवलं, तिसऱ्यांदा वितळवलं, आणि शेवटी त्या मुलीला म्हटलं, तू कर.

तर आता मी बोलते. तुझ्या बाबांबद्दल वाईट बोलणार नाही असं ठरवून बसले आहे, तेव्हा मध्येमध्ये थांबावं लागेल.

तुझ्या बाबांची बदली झाली आणि आमचं मोडलं. कुठलं आधी नि कुठलं नंतर ते सोड. नवरा-बायकोचं मोडतं तेव्हा काहीतरी वाटून घेतात. मी कपाट घेतलं, त्यांनी गाडी घेतली. तुला वाटून घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण माझा वाटाच नव्हता. एका वकीलबाईंकडे गेले होते. दोन जिने चढून, गुपचूप, लॅबला दाताच्या डॉक्टरांकडे जाते असं सांगून. त्यांनी चष्मा खाली करून विचारलं, "तुमचं मुलाशी नातं काय?" मी म्हटलं, सहा वर्षांचा होता तेव्हापासून माझ्याकडे आहे. त्या म्हणाल्या, "ते कळलं हो. नातं काय?" बाई चांगल्या होत्या, फी घेतली नाही. म्हणाल्या, कागदावर तुम्ही त्याच्या कुणी नाही.

बाबा म्हणाले, नवी शाळा, नवं गाव, त्याला रुळू दे, तू मध्येमध्ये डोकावलीस तर धड इकडचा राहणार नाही नि धड तिकडचा. वर्षभर फोन नको, पत्र नको. मला ते पटलं नव्हतं, पण वर्षभराची तर गोष्ट होती. वर्ष संपलं तेव्हा म्हणाले, आता रुळलाय, आता कशाला. त्यांनी तुला काय सांगितलं मला माहीत नाही. मी जायचं ठरवलं असं सांगितलं असेल तर… जाऊ दे. इथे थांबते.

पण एक विचारते. आपला डबा तुझ्या खात्यावर आहे. येणारी प्रत्येक नोंद तुझ्या फोनवर जाते. सहा वर्षं लोक लिहीत होते, 'डबा उत्तम', 'वही कोरडी', 'नवी पेन्सिल ठेवल्याबद्दल आभार'. तू कधी विचार केलास का, की मालक चार गाड्यांच्या अंतरावर आणि डबा कोरडा कसा? किल्ल्यावर भूत राहतं आणि ते वह्या बदलतं असं वाटलं का तुला?

मी जात होते, खारोट्या. दर दोन-तीन महिन्यांनी, सुट्टी पडली की. पहिली बस धरायची, पायथ्याशी उतरायचं, चढायचं. वही ओली असली की बदलायची, झाकणाचं रबर बदलायचं, आत चांगल्या वस्तू राहतील असं बघायचं, कारण लोक भोवरा घेतात आणि बसचं तिकीट ठेवतात. वहीत सही मात्र कधी केली नाही. दिलेला शब्द होता. मला वाटायचं, 'वही कोरडी' हे तू वाचशील आणि समजशील. मी तेच पत्र समजत होते. दुसरं पत्र लिहायची मला परवानगी नव्हती.

आता ते सांगते जे मागच्या पत्रात सांगितलं नाही. दगड तिथे आहे हे खरं आहे. पण तो तोच दगड नाही.

आपण केला तो आठवतो ना? भिंतीतला एक चिरा कधीचाच निखळून गेला होता, त्या भोकाचं माप घेतलं. लॅबमध्ये रविवारी कुणी नसताना, साचे ओततो ते कठीण प्लास्टर, वर ॲक्रिलिकचा थर, आत पोकळ. रंग काही जमेना. दातांना आमच्याकडे रंगांची पट्टी असते, किल्ल्याच्या दगडाला कुठली पट्टी? मी चहाचं पाणी घातलं, विटेची भुकटी घातली, तरी तो पिवळट दिसायचा, कावीळ झाल्यासारखा. आणि वर तू. 'हात लावू नकोस, ओला आहे' असं मी म्हणेपर्यंत तुझा अंगठा त्यात रुतलेला. मी ओरडले. तू म्हणालास, "राहू दे ना, म्हणजे कुठला दाबायचा ते मला अंधारातही कळेल." आणि खरंच, तो दगड काढायचा तर तिथेच अंगठा ठेवून दाबावं लागायचं, की खालची कड बाहेर यायची.

गेल्या थंडीच्या सुरुवातीला मी गेले तर तो एका कोपऱ्यात तडकला होता. ऊन-पाणी किती सोसणार? आणखी एक पावसाळा गेला असता तर अंगठ्यापर्यंत तडा गेला असता. ते मला बघवेना. मी तो सोडवला, ओढणीत गुंडाळला आणि घरी आणला. आता तो स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. भांडी घासताना समोर दिसतो.

आणि त्याच्या जागी नवा बसवला. आता माझा हात दहा वर्षं जुना झालाय ना, कसबी झालाय. रंग असा जमला की विचारू नकोस. बाजूच्या चिऱ्यावर शेवाळ होतं तसं शेवाळ, बारीक भेग होती तशी भेग. किल्ल्याच्या पहारेकऱ्याला आपला खेळ माहीत आहे, त्याला पैज लावून शोधायला सांगितलं. अर्धा दिवस शोधून त्याने हात टेकले. मी खूश. घरी येईपर्यंत बसमध्ये स्वतःशीच हसत होते.

तुला एक सांगू? कवळी करताना मी एखादा दात मुद्दाम किंचित वाकडा बसवते. सगळे सरळ बसवले की माणूस आरशात स्वतःला ओळखत नाही, परत येतो, म्हणतो हे माझं तोंड नाही. इतकी वर्षं हे रोज करते. आणि दगड करताना एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. जो एकटा मुलगा त्याला ओळखणार होता, त्याने कशावरून ओळखायचं?

तू भिंतीसमोर उभा होतास तेव्हा डबा तुझ्या हाताशी होता. तो गेला नव्हता. मीही गेले नव्हते. एवढंच समजून घे, आणि बंद करू नकोस.

दातवाली


१३ फेब्रुवारी

बंद केलास.

आज दुपारी बघितलं. नकाशावर आपल्या बुरुजाच्या जागी आता काहीच नाही, नुसता हिरवा रंग. तू एक ओळही लिहिली नाहीस. लोक डबा बंद करताना दोन शब्द लिहितात, 'आलेल्या सगळ्यांचे आभार' वगैरे. तेवढेही नाहीत.

माझी पत्रं वाचून बंद केलास की न वाचता? न वाचता केलं असशील तर पत्रं कुठे आहेत, निदान रद्दीत तरी टाकू नकोस, होस्टेलमध्ये रद्दीतली पत्रं मुलं मोठ्याने वाचतात.

मला राग आलाय. कुणावर ते कळत नाही, म्हणून सकाळपासून नव्या मुलीवर काढतेय. तिने आज एका बाईंच्या हिरड्या इतक्या गुलाबी केल्या की लग्नातला फुगा. मी बोलले. ती रडली. मग मीही तिच्याबरोबर रडले आणि ती घाबरून गप्प झाली.

सगळ्या जगाला तो डबा सापडला. पोराटोरांना, म्हाताऱ्यांना, एका कुत्र्यालासुद्धा, तशी नोंद आहे. ज्याच्यासाठी ठेवला होता त्याला तेवढा सापडला नाही, कारण मी हात धुऊन दगड सुंदर करायच्या मागे लागले. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. मी तर तो धोंडा आधी रंगवूनही घेतला.

पुढच्या सुट्टीला वर जाऊन डबा काढून आणते. नकाशावर नसलेला डबा किल्ल्यावर ठेवला तर तो नुसता कचरा होतो. नियम आहे.


२ मार्च

खारोट्या,

आत्ताच किल्ल्यावरून आले. बूट काढलेले नाहीत, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

डबा काढायला गेले होते. निघताना खिडकीतला जुना दगडही पिशवीत घातला. का, ते मला विचारू नकोस, मलाही तेव्हा माहीत नव्हतं. वर पोचले तर पहारेकरी त्याच्या पत्र्याच्या केबिनबाहेर खुर्ची टाकून उन्हात बसला होता. मला बघून म्हणाला, "बाई, बरं झालं आलात. तुमच्या खेळातला एक पोरगा येऊन गेला. सांगायचं राहिलंच."

मी म्हटलं, "कधी?"

"झाले की दोनेक महिने. उंच. पाठीला पिशवी. भिंतीला नाक लावून उभा होता, मला वाटलं चित्रंबित्रं काढणारा असेल."

"काय करत होता?"

"दगड दाबत होता." त्याने स्वतःचा अंगठा वर केला आणि केबिनच्या पत्र्यावर टेकवला. "असा. एक झाला की दुसरा. दुसरा झाला की तिसरा. पूर्ण भिंत, खालपासून हात पोचेल तिथवर. मी म्हटलं, काय रे, बेल शोधतोस का? कुणी दार उघडणार आहे का तिथे?"

"मग?"

"हसला नाही. मला म्हणाला, काका, इथला एक दगड कुणी काढून नेला का? मी म्हटलं, सरकारी भिंत आहे बाबा, इथला दगड कोण नेणार?"

खारोट्या, तो दगड तेव्हा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. मी त्याच्यासमोर भांडी घासत होते.

मी केबिनच्या पायरीवर बसले. पहारेकरी म्हणाला, "त्याने एक वस्तू तिथे कट्ट्यावर ठेवली होती. तो गेल्यावर मी उघडून बघितली आणि माझी पाचावर धारण बसली. दात हो, बाई. डबीभर दात. मला वाटलं आता पोलीस येणार, मला विचारणार, कुणाचे? मी ती टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवली. तुम्ही दाताचं काम करता ना, म्हणून तुम्हालाच दाखवायची होती."

त्याने आणून दिली. खोकल्याच्या गोळ्यांची चपटी डबी. मी तुला लहानपणीच दिलेली. तुमचं सामान गाडीत भरत होते तेव्हा मी ती गच्च भरून तुझ्या खिशात घातली होती, सगळे नापास सुळे, दाढा, पटाशीचे दात, नव्या गावच्या डब्यांत ठेवायला. वजनावरूनच कळलं की तू एकही कुठे ठेवला नाहीस. सहा वर्षं ती डबी तशीच सांभाळलीस, एवढ्या लांब घेऊन आलास, आणि आपला डबा सापडला नाही म्हणून तिथे ठेवून गेलास. परत केलीस. ते मला समजलं, कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

मी रडले. परक्या माणसासमोर, भर दुपारी, शाळेची सहल शेजारून जात असताना. पहारेकऱ्याने पाणी दिलं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तुमचा मुलगा का?"

मी म्हटलं, "हो."

त्याने मान डोलावली आणि पेला परत घेतला. त्याने कागद मागितला नाही.

मग मी उठले आणि बुरुजाकडे गेले. माझा तो देखणा नवा दगड काढला. डबा उघडला. वही कोरडी होती. बारा-पंधरा पानं भरली होती, सगळ्या अनोळखी सह्या. मी पेन्सिल घेतली आणि पहिल्यांदा त्यात माझं नाव लिहिलं. 'खारोट्या-दातवाली' नाही, ते तुझ्याशिवाय लिहिता येत नाही. नुसतं 'दातवाली'. डबा परत आत सरकवला आणि त्याच्यावर जुना दगड बसवला. तडा मी घरी भरला होता, पण रंग तोच ठेवला, कावीळ झालेला. आता दहा पावलांवरूनही दिसतो, भिंतीत नको तिथे बसवलेल्या दातासारखा. पहारेकरी म्हणाला, "अहो बाई, हा तर आंधळ्यालाही सापडेल." मी म्हटलं, सापडू दे.

नियम मोडलाय मी. नकाशावर नसलेला डबा ठेवून आले. पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय की कुणी हात लावला तर त्याला माझ्याकडे पाठव. आता तिथे आकडे बघून कुणी येणार नाही. आला तर तूच येशील, आणि तुला आकडे लागत नाहीत. अंगठा ठेवून दाब. आता तो त्या खळग्यात मावायचा नाही, टोक तेवढं जाईल. माझा तर कधीच जात नव्हता.

निघण्याआधी कट्ट्यावर ओढणी पसरली आणि डबी तिच्यावर ओतली. मला एक दात बघायचा होता. सुळा नाही, दाढ नाही. समोरचा, बारकासा, मागे गुलाबी पट्टी असलेला. तू सात वर्षांचा होतास, शाळेच्या फोटोच्या आदल्या दिवशी पुढचा दात पडला, आणि तू उशीत तोंड खुपसून बाबांना सांगत होतास, 'तिला सांग मी उद्या जाणार नाही.' मी रात्रीच लॅबमध्ये गेले, केला, सकाळी तुझ्या हिरडीवर बसवून बघितला. तू आरशात बघितलंस, जीभ लावून बघितलीस, आणि थेट माझ्याकडे वळून म्हणालास, "दातवाली, हा बोलताना पडणार नाही ना?" ते तुझं मला पहिलं वाक्य. पुलाखालचं दुसरं. मी मागे लिहिताना पुलाचं आधी सांगितलं, कारण हे लिहायला धीर होत नव्हता.

तो दात त्या डबीत ठेवलेला असायचा. तू कुणाला हात लावू द्यायचा नाहीस.

मी एकेक दात बाजूला करून बघितला. ओढणी झटकली. कट्ट्याच्या फटीत काडी घालून बघितलं. पहारेकऱ्याला खण पूर्ण बाहेर काढायला लावला. किल्ल्या निघाल्या, शिट्टी निघाली, विजेरीचे मेलेले सेल निघाले. तो दात नाही.

तू बाकी सगळं परत केलंस. तो तेवढा काढून ठेवला असशील तर मला कळव, एक ओळ पुरे.

हरवला असेल तर कळवू नकोस.

दातवाली